कंट्रोल (२००७): टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

'कंट्रोल' तिसऱ्यांदा बघितला. आधी दोनदा गाण्यांसाठी बघितला होता, हे कबूल करतो. या वेळी बघितला तो एका टेबलासाठी.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉय डिव्हिजन हा मँचेस्टरकडचा चार जणांचा बँड, आणि इयन कर्टिस त्याचा गायक आणि गीतकार. जन्म जुलै १९५६, मृत्यू १८ मे १९८०. वय तेवीस. दुसऱ्या दिवशी बँड पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर निघणार होता. त्यानं आत्महत्या केली हे सिनेमा बघायला बसणाऱ्या बहुतेकांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे 'शेवट सांगू नका' असा मामला इथे नाही. दिग्दर्शक आंतोन कॉर्बाइन, इयन झालाय सॅम रायली, त्याची बायको डेबोरा झालीय समँथा मॉर्टन. पटकथा बेतलीय डेबोरानं १९९५ साली लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकावर.

आता ते टेबल. सुरुवातीच्या भागात एक दृश्य आहे. मॅकल्सफील्ड या इयनच्या गावातल्या एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेतून एक पोरगा चालत येतो. तोंडात सिगारेट, मागे 'नो लव्ह लॉस्ट'ची ती धडधडणारी चाल. तो पुढे निघून जातो आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं, 'हेट'. आता हा कुठल्यातरी तळघरात शिरून गिटारवाल्यांना भेटणार, असं आपण धरून चालतो. तो शिरतो एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये. कामाला लागतो आणि समोर येणाऱ्या अपंग माणसांसाठी नोकऱ्या शोधायला लागतो.

हे कुणी रचलेलं नाही. इयन खरोखर ही नोकरी करायचा, आणि सगळ्या बाजूंनी ऐकू येतं त्याप्रमाणे मन लावून करायचा. त्याच टेबलासमोर एक मुलगी येते, तिला आकडी येते. पुढे ती गेल्याचं त्याला कळतं, आणि त्यातून 'शीज लॉस्ट कंट्रोल' लिहिलं जातं. मग डिसेंबर १९७८ मध्ये, लंडनमधला पहिला कार्यक्रम आटोपून परत येताना गाडीत त्याला स्वतःला मोठा झटका येतो. जानेवारी १९७९ मध्ये निदान होतं, अपस्मार.

कालपासून माझ्या डोक्यात एवढंच फिरतंय. इतर कुणाला हे निदान ऐकून घरी जाऊन शोधावं लागलं असतं की म्हणजे नक्की काय. याला शोधायचं काहीच नव्हतं. अशा माणसाला कोण काम देतं, कोण देत नाही, मालक फोनवर काय कारणं सांगतात, घरचे काय म्हणतात, सगळं त्याच्या फायलीत होतं. तो टेबलाच्या या बाजूनं उठून त्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसला. आणि संध्याकाळी स्टेजवर उभं राहून तेच गाणं म्हणायचं, ज्यात ती मुलगी आहे.

रॉक गायकांवरच्या सिनेमांचा एक ठरलेला रस्ता असतो: गरिबी, प्रसिद्धी, बाटली, बायका, पडझड. 'कंट्रोल'मध्ये प्रसिद्धीच जेमतेम आहे. तो मेला तेव्हा त्यांचा एकच अल्बम बाहेर आला होता, 'अननोन प्लेझर्स', जून १९७९. फॅक्टरी रेकॉर्ड्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं त्याच्या पहिल्या खेपेला १०,००० प्रती काढल्या होत्या. हा काही महालात एकटा पडलेला तारा नव्हता. तुमच्याआमच्यासारखा कचेरीत जाणारा, लग्न झालेला, एका मुलीचा बाप होता.

बाकीच्यांनी बघितला असेल तर लिहा. विशेषतः ज्यांना आवडला नाही त्यांनी.

रातकिडा

छान लिहिलंय. बघितला नाही, यादीत टाकला. इंग्रजी उच्चार जड आहेत का? सबटायटल लागतील?

मंद्रसप्तक

लागतील. उत्तर इंग्लंडची बोली आहे, त्यात निम्मं बोलणं पुटपुटत. मॅनेजर रॉब ग्रेटन झालेल्या टोबी केबेलचे संवाद तर सबटायटलशिवाय बघूच नका, सिनेमातलं सगळं हसू त्याच्याकडे आहे आणि ते वाया जाईल.

काळंपांढरं

अखेर या सिनेमावर धागा आला! फोटोग्राफीच्या बाजूनं भर घालतो.

कॉर्बाइन मुळात डच फोटोग्राफर. १९७९ मध्ये तो हॉलंड सोडून इंग्लंडला आला, त्याला जी कारणं होती त्यांत हा बँड एक. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यानं त्यांचा फोटो काढला, लंडनच्या लँकेस्टर गेट भुयारी स्टेशनात. तिघं पाठमोरे चालत खाली निघालेत आणि एकटा इयन मान वळवून मागे बघतोय. तेव्हा त्या फोटोत कुणाला फार रस वाटला नव्हता. सहा महिन्यांनी तो गेला आणि फोटोचा अर्थच बदलला. पुढे १९८८ मध्ये त्यांच्या 'अ‍ॅटमॉस्फिअर' या गाण्याचा व्हिडिओही कॉर्बाइननंच केला. म्हणजे पूर्ण लांबीचा पहिला सिनेमा करायला घेतला तेव्हा या माणसाला तो विषय जवळपास तीस वर्षं चिकटलेला होता. पैसे उभे राहीनात म्हणून त्यानं स्वतःच्या खिशातून मोठा वाटा घातला.

कृष्णधवल असण्याबद्दल: सिनेमा चित्रित झाला रंगीत फिल्मवर आणि नंतर कृष्णधवल केला. थेट कृष्णधवल फिल्म वापरली असती तर दाणे फार दिसले असते. कॅमेरा मार्टिन रूहेचा. त्यातले करडे रंग बघा. काळा आणि पांढरा असा ठसठशीत विरोध फार थोड्या जागी आहे, बाकी सगळं ओल्या सिमेंटसारखं. त्या काळातल्या इंग्लिश संगीत-साप्ताहिकांत या बँडचे जे फोटो यायचे ते असेच. रंगीत इयन कर्टिस फार लोकांनी पाहिलेलाच नाही.

चौकटीही बघा. माणूस एका कडेला, उरलेली भिंत रिकामी. कॉर्बाइनला कॅमेरा हलवायची घाई नाही.

टमरेल

+१
दाणे वगैरे कळत नाही पण सिनेमा जबरी आहे.

दुसरी_बाजू

मला आवडला नाही, आणि धागाकर्त्यांनी बोलावलंच आहे तर सांगते.

पुस्तक डेबोराचं, सहनिर्मातींत नाव डेबोराचं. पडद्यावर मात्र ती काय करते? दार उघडते, कपडे वाळत घालते, मूल सांभाळते, विचारते, रडते. ती काय विचार करते हे कळायला समँथा मॉर्टनच्या चेहऱ्याशिवाय आपल्याकडे काही नाही. बाई मोठी अभिनेत्री आहे म्हणून निभावलं. उलट त्याची प्रेयसी आनिक येते तेव्हा बघा. बेल्जियमची, दूतावासात नोकरी, नीटस केस, खिडकीतून तिरपा उजेड. कॅमेरा तिच्याशी कसा वागतो आणि डेबोराशी कसा वागतो, ते 'काळंपांढरं' यांनीच सांगावं.

लग्न झालं तेव्हा तो एकोणीसचा, ती अठराची. ऑगस्ट १९७५. एप्रिल १९७९ मध्ये मुलगी झाली, त्याच उन्हाळ्यात आनिक आली. मी पुस्तक वाचलंय. त्यात हा माणूस घरात हुकूम गाजवणारा, संशयी, बायकोनं कुठे जावं, कुणाशी बोलावं यावर नजर ठेवणारा आहे. सिनेमात त्यातलं थोडं झिरपतं, बाकीचं 'दोन स्त्रियांमध्ये अडकलेला संवेदनशील कवी' या साच्यात गोड होऊन जातं. 'दुःखी प्रतिभावंत' म्हटलं की सगळं माफ. तुमच्या त्या टेबलाच्या गोष्टीतही एक माणूस दिसत नाही. हा कचेरीतून घरी आल्यावर समोर जी बसायची ती.

मंद्रसप्तक

शेवटचं वाक्य लागलं. मान्य, मी पुस्तक वाचलेलं नाही.

पण एका मुद्द्यावर भांडतो. सिनेमानं त्याला माफ केलंय असं मला नाही वाटलं. डेबोरा त्याला आनिकबद्दल विचारते तो प्रसंग आठवा. त्याच्याकडे उत्तर नाही, आणि दिग्दर्शकानंही त्याला एखादं सुंदर उत्तर लिहून दिलेलं नाही. तो नुसता गप्प. गाण्यात एवढे शब्द असलेला माणूस स्वयंपाकघरात एक वाक्य बोलू शकत नाही, ही त्याची बाजू घेणं नाही, त्याला उघडं पाडणं आहे.

दुसरी_बाजू

गप्प बसणाऱ्या पुरुषाला 'खोल' म्हणायची सवय आपल्याला सिनेमानंच लावलीय. असो.

बॅकस्टेज_पास

मी तांत्रिक चुका मोजणाऱ्या जमातीतला. हलकं घ्या.

१. फॅक्टरीचा कर्ताधर्ता टोनी विल्सन याच्या टीव्ही कार्यक्रमात बँड 'ट्रान्समिशन' वाजवतो असं दाखवलंय. प्रत्यक्षात सप्टेंबर १९७८ मध्ये ग्रॅनाडा या टीव्ही वाहिनीवर त्यांनी पहिल्यांदा वाजवलं ते 'शॅडोप्ले'. कारण समजतं, 'ट्रान्समिशन' पडद्यावर जास्त पेटतं.

२. रक्तानं करार सही करायचा प्रसंग ही फॅक्टरीची लाडकी दंतकथा आहे. विल्सन हयात असता तर त्यानंच ती आणखी रंगवून सांगितली असती. तोही या सिनेमाचा सहनिर्माता होता आणि सिनेमा इंग्लंडात लागण्याआधीच ऑगस्ट २००७ मध्ये वारला.

चूक नव्हे पण सांगण्यासारखं: स्टेजवरचं संगीत नटांनी स्वतः वाजवलंय. आधी बेत नुसते ओठ हलवायचा होता. पोरं तालमी करत गेली आणि इतकी तयार झाली की कॉर्बाइननं त्यांचंच वाजवणं ठेवलं. जरा कच्चं आहे, आणि म्हणूनच खरं वाटतं. मूळ बँडही त्या दिवसांत कच्चाच होता. रायली स्वतः लीड्सच्या एका बँडचा गायक होता, ते उपयोगी पडलं.

अवांतर गंमत: सिनेमात इयनची अवस्था बिकट असताना ग्रेटन त्याला धीर देतो की याहून वाईट झालं असतं, तू 'द फॉल' या दुसऱ्या बँडचा गायक असतास. आता योगायोग बघा. मँचेस्टरच्या याच मंडळींवरचा एक सिनेमा २००२ मध्ये आला होता. त्यात रायलीला मिळालेली छोटी भूमिका होती 'द फॉल'चा गायक मार्क ई. स्मिथ याची, आणि तीही शेवटी कापली गेली!

टमरेल

😂 हे माहीत नव्हतं.

लोखंडी_तार

सगळे फारच हळवे झालेत म्हणून विचारतो. यात रॉक कुठे आहे? गिटारचा एक धड सोलो नाही, गायक एका पट्टीत कण्हतो, नाच म्हणजे हातपाय झाडणं. रॉक स्टारवरचा सिनेमा बघायचा तर १९९१ चा 'द डोर्स' बघा. व्हॅल किल्मर जिम मॉरिसन म्हणून पडद्यावर येतो तेव्हा केस उभे राहतात. तेवीस वर्षांच्या मुलानं जीव दिला म्हणून त्याचे दोन अल्बम महान ठरले, नाहीतर कोण विचारत होतं?

बॅकस्टेज_पास

किल्मर उत्तमच आहे. पण डोर्सचाच कीबोर्डवाला रे मॅन्झारेक त्या सिनेमावर आयुष्यभर चिडलेला होता, आमचा मित्र असा नव्हताच म्हणून. तुमचे केस उभे राहिले ते मॉरिसनमुळे की दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोनमुळे, एवढं तपासून घ्या.

संगीताबद्दल. सोलो नाही हे बरोबर, पण ती उणीव नाही, रचना आहे. पीटर हुक बेस वरच्या पट्टीत वाजवतो आणि चाल तोच धरतो, सहसा गिटार जे काम करते ते. बर्नार्ड समनरची गिटार मधूनच ओरखडा काढून जाते. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत अल्बमचा निर्माता मार्टिन हॅनेट यानं हे सगळं एकमेकांपासून लांब लांब ठेवलं, मध्ये मोकळी जागा सोडली. 'शीज लॉस्ट कंट्रोल'च्या ठेक्यात जो फस्स असा आवाज येतो ना, तो ड्रमर स्टीफन मॉरिसनं मारलेल्या फवाऱ्याच्या डब्याचा. बँडला हा अल्बम सुरुवातीला आवडला नव्हता, फार थंड झालाय म्हणून कुरकुर होती. स्टेजवर ते जास्त तुमच्या आवडीचे होते, लोखंडराव. तिथे गिटार आग ओकायची.

लोखंडी_तार

फवाऱ्याच्या डब्यासाठी एकदा ऐकतो. वचन नाही.

डावी_कूस

मी इथे फारशी लिहीत नाही. मला अपस्मार आहे, एकोणिसाव्या वर्षापासून. 'हातपाय झाडणं' वाचून लिहायला बसले. राग नाही, पण लिहायला हवं असं वाटलं.

आधी एक सांगते. त्याचा तो नाच म्हणजे फिट नाही. निदान होण्याआधीपासून तो तसा नाचायचा. कोपरं वर, हात गरगर, डोळे कुठेतरी लांब. पुढे पुढे नाच कुठे संपला आणि झटका कुठे सुरू झाला हे बँडलाही पटकन कळायचं नाही, प्रेक्षकांना तर नाहीच. त्यांना वाटायचं हाच कार्यक्रम. टाळ्या पडायच्या. धागाकर्त्यांनी टेबलाबद्दल लिहिलंय ते मला पोचलं, पण मला त्या टाळ्या जास्त छळतात.

ज्याला येते त्याला फिट दिसत नाही. ती बाकीचे बघतात. आम्हाला दिसतात नंतरचे चेहरे. कुणीतरी बूट काढलेले असतात, कुणी पाणी धरून उभं असतं, जीभ चावलेली असते, आणि आपण काय केलं हे आपल्यालाच विचारावं लागतं. त्या चेहऱ्यांवर काळजी असते आणि थोडी किळसही असते, ती ते लपवतात आणि आपल्याला कळते. रायलीच्या तोंडावरचं ते नंतरचं ओशाळेपण मी कुठल्याच सिनेमात आधी पाहिलं नव्हतं. मी तिथेच थांबवून स्वयंपाकघरात गेले. उरलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी.

आणि वेळापत्रक बघा त्याचं. सकाळी कचेरी, संध्याकाळी व्हॅनमधून दुसऱ्या गावी, रात्री दारू, पहाटे घर, परत कचेरी. झोपमोड हे आमच्यासाठी सगळ्यात वाईट. मला एक जागरण झालं तरी घरचे माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. त्याला 'लवकर झोप, पिऊ नको' सांगितलं होतं डॉक्टरांनी. बाविसाव्या वर्षी, बँड वर येत असताना. मला परीक्षेच्या वर्षी सांगितलं होतं. मीही ऐकलं नव्हतं.

मुलगी झाल्यावर तिला घेताना त्याचे हात बघा. बाकीचे म्हणतील तो बाप व्हायला तयार नव्हता. असेलही. मी माझ्या भाचीला पहिले आठ महिने फक्त जमिनीवर बसून मांडीवर घेतलं. उभं राहून नाही. कारण कुणाला सांगितलं नाही.

'दुसरी_बाजू', तुमचं बरोबर आहे, आजार होता म्हणून बायकोशी कसंही वागायची सूट मिळत नाही. माझ्या औषधांनी मी दोन वर्षं अशी काही वागले आहे की माझ्या बहिणीनं पुस्तक लिहिलं तर मला तोंड दाखवता येणार नाही. आजार कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यालाही येत नसावं.

रातकिडा

ताई, __/\__

दुसरी_बाजू

डावी_कूस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पुस्तकात एक धागा आहे जो मी रागाच्या भरात सोडून दिला होता. तो घरी वेगळा, बाहेर वेगळा. बाहेर हसतखेळत, पोरांबरोबर टवाळक्या. घरी आला की मुखवटा उतरायचा आणि जे उरायचं ते डेबोराच्या वाट्याला. तिला हेही ठाऊक होतं की फिट आली तर पकडायला तीच. दोन्ही एकदम खरं असू शकतं. सिनेमा मला अजूनही अर्धाच वाटतो, पण माझी अर्धी तक्रार तुम्ही काढून घेतलीत.

स्टेथो

औषधांबद्दल थोडं. १९७९ मध्ये हाताशी होतं ते मुख्यतः फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि तेव्हा तुलनेनं नवं असलेलं व्हॅल्प्रोएट. यातलं फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात. झटके रोखतं, पण सुस्ती आणतं आणि मन खाली ओढतं, नैराश्याकडे झुकलेल्या माणसाला तर आणखी. त्यात कुणाला काय लागू पडेल हे देऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही. आजही पुष्कळ अंशी तसंच आहे, फक्त निवडायला औषधं जास्त आहेत आणि रुग्णाला 'मनःस्थिती कशी आहे' हे विचारायची पद्धत पडली आहे. हा प्रश्न त्याला किती जणांनी विचारला असेल?

लखलखणाऱ्या दिव्यांबद्दल गैरसमज आहे म्हणून सांगतो. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण ३ टक्के लोकांनाच प्रकाशाच्या उघडझापीनं झटका येतो. इयनला स्टेजवरच्या स्ट्रोब दिव्यांचा त्रास व्हायचा, पण झोपमोड आणि दारू हे जास्त मोठे गुन्हेगार.

आणि कुणासमोर असा प्रसंग आलाच तर: तोंडात काहीही घालू नका. कांदा, चप्पल, चमचा, काही नाही. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. झटका ओसरला की कुशीवर वळवा. पाच मिनिटांपुढे गेला तर लगेच रुग्णवाहिका. ('डावी_कूस' हे नाव कुठून आलं ते कळलं 🙂)

डावी_कूस

🙂 बरोबर ओळखलंत.

फाईलवाला

टेबलाच्या पलीकडची माहिती कुणी दिली नाही म्हणून देतो, माझ्या अभ्यासाचा विषय आहे. इयनचं पद होतं सहायक 'डिसेबलमेंट रिसेटलमेंट ऑफिसर', म्हणजे अपंगांना कामाला लावून देणारा अधिकारी. ही यंत्रणा उभी राहिली ब्रिटनच्या १९४४ च्या कायद्यानं, युद्धातून परतणाऱ्या जखमी सैनिकांना डोळ्यांसमोर ठेवून. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकानं ३ टक्के जागा नोंदणीकृत अपंगांना द्यायच्या. शिवाय दोन कामं खास त्यांच्यासाठी राखलेली. कोणती? लिफ्ट चालवणं आणि गाड्यांच्या तळावर राखणदारी.

कागदावर झकास. प्रत्यक्षात बहुतेक मालक ३ टक्के भरत नसत, सूट मागत, ती मिळत असे, आणि खटले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९९५ च्या नव्या कायद्यानं हा कोटाच रद्द झाला. म्हणजे इयन ज्या टेबलावर बसायचा तिथे कायदा त्याच्या बाजूला होता आणि अधिकार जवळपास शून्य. मालकांना फोन करून विनवायचं, हे त्याचं काम. समोर बसलेल्या माणसाला आशा दाखवायची आणि स्वतःला आतून माहीत की लिफ्ट किंवा पार्किंग.

'टेबलाच्या या बाजूनं उठून त्या बाजूला बसला' या वाक्यात एवढं सगळं आहे. सिनेमात ते कुणी बोलून दाखवत नाही हे बरंच.

मंद्रसप्तक

फाईलवाले, हे मला अजिबात माहीत नव्हतं. लिफ्ट आणि पार्किंग! आता चौथ्यांदा बघावा लागणार.

विलायती_चिंच

मी तिकडेच राहते, मॅकल्सफील्डपासून गाडीनं अर्ध्या तासावर. बार्टन स्ट्रीटवरचं ते कोपऱ्यावरचं घर बाहेरून पाहिलंय. त्यात माणसं राहतात, त्यामुळे फोटो काढायला मला लाज वाटली. काढणारे काढतात. सिनेमातलं बरंचसं चित्रण नॉटिंगहॅमकडे झालं असलं तरी या घराबाहेरची दृश्यं याच रस्त्यावरची आहेत. मॉर्टनला तिथे, खऱ्या दारासमोर, तो शेवटचा प्रसंग करताना कसं वाटलं असेल कोण जाणे.

गावच्या स्मशानभूमीत त्याचा छोटा दगड आहे, त्यावर नाव, तारीख आणि त्याच्याच गाण्याची ओळ 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' एवढं कोरलेलं. २००८ मध्ये मूळ दगड कुणीतरी चोरून नेला! आता आहे तो नंतरचा. भोवती नाणी, सिगारेटी, चिठ्ठ्या. मी गेले तेव्हा शेजारच्या एका कबरीवर आजी फुलं ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, याच्याकडे रोज कुणी ना कुणी येतं, आमच्या ह्यांच्याकडे मी एकटीच.

आणि टी-शर्टांबद्दल कुणी बोललं नाही अजून. 'अननोन प्लेझर्स'च्या मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या लाटा म्हणजे १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सारचे (ठरावीक लयीत रेडिओ-लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याचे) रेडिओ-ठोके, खगोलशास्त्राच्या कोशातून उचललेले. माझ्या ऑफिसात तिघांकडे तो शर्ट आहे. एकाला वाटतं डोंगर आहेत.

टमरेल

मलाही डोंगरच वाटायचे. शर्ट आहे माझ्याकडे.

काळंपांढरं

'दुसरी_बाजू' यांनी मला थेट प्रश्न टाकला होता, चार दिवस टाळला. आनिकची आणि डेबोराची दृश्यं शेजारी शेजारी लावून पाहिली. बरोबर आहे तुमचं. आनिक बहुतेक वेळा उजेडाकडे तोंड करून आहे. डेबोरा दारात, चौकटीत, पाठीमागे उजेड. सगळीकडे नाही, पण पुष्कळदा. मी हे इतकी वर्षं 'सुंदर कंपोझिशन' म्हणून बघत होतो.

एक मात्र कॉर्बाइनच्या बाजूनं लिहून ठेवतो. शेवटी डेबोरा घरात शिरते, कॅमेरा शिरत नाही. तो रस्त्यावर थांबतो. आपल्याला ऐकू येतं, दिसत नाही. तीस वर्षं त्या माणसाचे फोटो ज्यानं मनात जपले, त्यानं नेमका तो फोटो काढला नाही.

दुसरी_बाजू

हो. आणि त्या क्षणी पडद्यावर कोण आहे? ती. बाहेर येऊन मदतीसाठी ओरडणारी. तेवढा एक प्रसंग पूर्ण तिचा आहे. त्यासाठी दोन तास थांबावं लागलं तिला.

लोखंडी_तार

वचन नव्हतं, तरी ऐकला. हेडफोन लावून, दिवे मालवून. फवाऱ्याचा डबा सापडला. बाकी मला अजून सोलो हवाच आहे. पण 'डावी_कूस' यांना सॉरी, ते हातपाय झाडण्याचं मी उगाच लिहिलं.

डावी_कूस

अहो ठीक आहे. तो स्वतःही त्यावर हसला असता, टवाळ होता म्हणतात.

रातकिडा

काल रात्री बघितला. धागा आधी वाचला ते बरं झालं की वाईट, ठरवता येत नाही. शेवटी 'अ‍ॅटमॉस्फिअर' सुरू होतं, धुराडं दिसतं, धूर वर जातो, कॅमेरा आभाळाकडे, आणि मी तसाच बसून होतो. तेवढ्यात नावं सरकायला लागली आणि भलतंच चकचकीत काहीतरी सुरू झालं. ते काय होतं?

बॅकस्टेज_पास

'द किलर्स'नं गायलेलं 'शॅडोप्ले'. अमेरिकन बँड, २००७ चा. टीव्हीवरच्या प्रसंगातून काढलेलं गाणं शेवटी हे असं परत आलं.

मंद्रसप्तक

सांगायचं राहिलंच. धूर संपला की आवाज बंद करायचा असतो.